बोटीला लागलेली माणसे

हेदवीच्या दशभुज गणपतीचे दर्शन घेऊन समुद्राची वाट धरली, की माडांच्या सावलीतून ती उमामहेश्वराच्या देवळापाशी येते, आणि देवळाजवळच्या काळ्या कातळात जी अरुंद, खोल चीर पडलेली आहे तिला बामणघळ म्हणतात, हे आता कोकणात सहलीला येणाऱ्या शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले आहे. भरतीचे पाणी त्या चिरेत शिरते, कोंडते आणि पुढे वाट न मिळाल्यामुळे उंच उसळून फुटते. माणसे ते पाहतात, भिजतात, छायाचित्रे काढतात आणि भूक लागली की परत फिरतात. मी तेथे उभा होतो तेव्हा माझे लक्ष त्या उसळीकडे कमी आणि तिच्या पलीकडच्या क्षितिजाकडे अधिक होते. कारण उत्तरेस दाभोळ आणि दक्षिणेस जयगड या दोन बंदरांना लागणाऱ्या किनाऱ्यावरच्या आगबोटींतून या पट्टीतल्या पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गेल्या, तेथून जगभरच्या बोटींना लागल्या, आणि त्यांतली जी माणसे दोन महायुद्धांत समुद्रावरच राहिली, त्यांचे स्मरण कोणी व कोठे ठेवले, हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ दिवसांपासून घर करून होता.

शिपायाच्या स्मरणाला आपल्या मुलखात जागा असते. सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हे बिरूद चिकटले आहे, आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले ही गोष्ट तेथल्या लहान पोरालाही तोंडपाठ असते. रायगड जिल्ह्यातल्या माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतला हा अवघ्या बावीस वर्षांचा नाईक १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतले सारे सोबती मेले किंवा जायबंदी झाले असता एकटा शत्रूच्या मशीनगनवर चालून गेला. हातबॉम्ब आणि बंदूक चालवून झाल्यावर, गोळ्या भरण्यास अवसर न राहिल्यामुळे, उरलेल्या दोघांना त्याने दस्त्याने लोळवले आणि मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर वा चिता कोठे आहे याचा ठिकाणा नाही; नाव कासिनोच्या स्मारकावर आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोन्तोने या गावाने त्याच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली. पलटण, हुद्दा, तारीख, रणभूमी आणि पदक अशा पाच खुंट्या असल्या, की स्मरणाचे वस्त्र टांगण्यास अडचण पडत नाही.

बोटवाल्याचे तसे नसते. तो सरकारी शिपाई नव्हे, कंपनीचा करारावरचा नोकर. त्याच्या अंगावर गणवेश नव्हे, निळे डगले. त्याला रणांगण नाही, कारण जेथे तो मेला तेथे दुसऱ्या क्षणी पाणी सपाट झाले. मात्र त्याला मारणारा पाणतीर तोच होता जो आरमारी जहाजासाठी बनवला होता, आणि बोटीच्या तळाशी असलेला माणूस लढवय्या की नोकर, हे विचारण्याची त्या पाणतीराला सवड नव्हती.

इंग्रज ज्याला ‘लास्कर’ म्हणत, तो शब्द मूळ फारसी ‘लष्कर’ या शब्दाचाच अपभ्रंश, हे लक्षात घेतले म्हणजे या नामकरणातला विनोद कळतो: ज्यांना युद्धाच्या मानमरातबातून वगळले, त्यांचे नावच मुळी लष्करी. आपण त्याला खलाशी म्हणतो. त्याच्यावर तांडेल, तांडेलावर सारंग. आणि ‘सारंग’ हा शब्दही फारसी ‘सरहंग’ म्हणजे सेनानायक याच्यापासून आलेला. डेकवर खलाशी, खाली बॉयलरपाशी आगवाले आणि कोळसा ओढणारे, स्वयंपाकघरात भंडारी, सलूनमध्ये बटलर, आणि पी. अँड ओ.सारख्या बड्या कंपन्यांच्या आगबोटींवर या कामांची वाटणी जणू वतनासारखी ठरून गेलेली. डेकवर रत्नागिरी जिल्ह्याची आणि गुजरातच्या किनाऱ्याची माणसे, आगीपाशी पंजाबी आणि पठाण, आणि पाहुण्यांच्या ताटापाशी गोवेकर. सरकारी हिंदी आरमारही दुसऱ्या महायुद्धापूर्वी आपले नाविक मुख्यतः याच रत्नागिरी किनाऱ्यावरून, विशेषतः कोकणी मुसलमानांतून, उचलत असे. बंदरांमागच्या खाजणांत आणि वरकस जमिनीत जे पिकत नव्हते ते समुद्राने मनिऑर्डरीच्या रूपाने पुरवले.

या व्यवसायाला बंधुत्वाचे जे रूप आले ते सारंगामुळे. कंपनी खलाशांना एकेकटे निवडीत नसे. ती सारंगाला सांगे, आणि सारंग आपल्या गावची, आपल्या भावकीतली, फार तर शेजारच्या वाडीतली माणसे घेऊन बंदरावर उभा राही. तोच त्यांचा जामीन, तोच मुकादम, पुष्कळदा तोच सावकार. मुंबईत बोट मिळेपर्यंत ही माणसे गाववाल्यांच्या खोल्यांत पथारी टाकीत. गोवेकरांचे कूड प्रसिद्धच आहेत, एकेका गावाचा एकेक कूड, त्यात गावच्या संताची वेदी आणि भिंतीला ओळीने लावलेल्या ट्रंका. कोकणी मुसलमानांच्या जमाती होत्या, हिंदूंच्या गावकीच्या खोल्या होत्या. यजमान, व्याज, भांडणे आणि फसवणूक हे सारे तेथे होतेच, आणि सारंगगिरीतल्या दस्तुरीविषयी खलाशांच्या संघटनांनी पुढे कडाक्याच्या तक्रारी केल्या, त्या खोट्या नव्हत्या. पण परदेशच्या बंदरात आजारी पडलेल्याच्या उशाशी बसणारा आणि मेल्यावर त्याच्या पेटीची यादी करून ती घरी पोचवणारा जो कोणी असे, तो याच खोलीतला असे.

याच व्यवस्थेचा एक भयंकर परिणाम युद्धात दिसला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडने एका गल्लीतले, एका गिरणीतले मित्र एकाच पलटणीत भरती करण्याचा प्रयोग केला, आणि सोमच्या लढाईत एका सकाळी गल्ल्याच्या गल्ल्या निर्मनुष्य झाल्या, हे सर्वश्रुत आहे. आपल्या सारंगांनी हा प्रयोग कोणी न सांगता शतकभर आधीपासून चालवलाच होता. एक बोट बुडे आणि एकाच पंचक्रोशीत चार घरांची चूल त्या दिवशी पेटत नसे. सारंग वाचला असेल तर त्याच्यावर त्याहून कठीण प्रसंग येई, कारण त्याला गावात तोंड दाखवायचे असे.

आकड्यांचा मजकूर थोडक्यात सांगतो, कारण आकडे मोठे झाले की माणूस नाहीसा होतो. १९१४ साली ब्रिटिश व्यापारी बोटींवर पन्नास हजारांच्या आसपास हिंदी खलाशी होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हाही त्या बोटींवरच्या एकंदर माणसांत त्यांचा हिस्सा सुमारे चौथाईचा होता. पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या चौथाई-पाचवा. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध जाहीर होताच हिंदी खलाशांनी बंदरोबंदरी काम नाकारले आणि पाणसुरुंगांतून बोटी न्यायच्या असतील तर वेतन वाढवून द्या असे म्हटले. शेकडो जणांना त्यापायी इंग्लंडातल्या तुरुंगांची हवा खावी लागली आणि अखेरीस वेतनवाढही मिळाली. हा इतिहास स्मारकांवर लिहिला जात नाही. मृताला शूर म्हणताना तो काही मागतही होता ही गोष्ट स्मारक बांधणाऱ्यांना सहसा अडचणीची वाटते.

दोन बोटींची हकीकत मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. ‘पर्शिया’ ही पी. अँड ओ.ची आगबोट लंडनहून मुंबईस येत असता ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीच्या पाणतीराने फुटली आणि पाच-दहा मिनिटांत तळाला गेली. बोटीवर पाचशेवर माणसे होती, त्यांतली तीनशेवर मेली. कपूरथळ्याचे महाराज जगतजितसिंह याच बोटीने यावयाचे, पण ते मार्सेलला उतरून राहिले; त्यांचे जडजवाहीर तेवढे पुढे निघाले आणि बुडाले. दुसरी बोट ‘सिटी ऑफ कैरो’. ही १ ऑक्टोबर १९४२ रोजी मुंबईहून निघाली. पोटात सुमारे शंभर टन चांदी होती, आपल्याच टांकसाळींतल्या रुपयांची, ब्रिटिश खजिन्यासाठी चाललेली. ६ नोव्हेंबरच्या रात्री दक्षिण अटलांटिकमध्ये, सेंट हेलेना बेटापासून शेकडो मैलांवर, पाणबुडीने तिला बुडवले, आणि पाणबुडीच्या कप्तानाने तराफ्यांवरच्या माणसांना दिशा दाखवून, ‘शुभ रात्री, तुमची बोट बुडवल्याबद्दल क्षमा असावी’ असे म्हणून निरोप घेतला. तो शिष्टाचार पुढे युरोपात फार वाखाणला गेला. उघड्या होड्यांत तहानेने आणि जखमांनी जी माणसे पुढच्या दिवसांत एकेक करून गेली, त्यांत हिंदी खलाशी पुष्कळ होते. एकंदर मृत शंभरावर.

आता पुढचा भाग ऐका. २००३ साली ‘पर्शिया’चा अवशेष धुंडाळून तेथले काही रत्ने-जवाहीर वर काढण्यात आले. ‘सिटी ऑफ कैरो’ तर पाच हजार मीटरांहून अधिक खोल पडली होती, जेथपर्यंत तोवर कोणीही वसुलीला पोचले नव्हते; तरी २०१३ साली यंत्रे सोडून रुपयांच्या राशी वर आणण्यात आल्या, आणि ही गोष्ट जगाला २०१५ साली सांगण्यात आली. चांदीला वारस सापडले. वसुलीच्या बातम्या मी चिकाटीने वाचल्या. त्यांत नाण्यांचा तपशील होता, खोलीचा होता, यंत्रांचा होता, कप्तानाच्या त्या वाक्याचा तर प्रत्येक वेळी होता. बोटीवर कोण कोण होते, त्यांतले कोणत्या किनाऱ्यावरचे होते, याचा एक शब्द नव्हता.

नावे अगदीच कोठे नाहीत असे नाही. मुंबईत मसजिद बंदरच्या बाजूस ‘इंडियन सेलर्स होम’ आहे. तेथे पहिल्या महायुद्धात मेलेल्या आणि समुद्रावाचून दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी नाविक-खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांसाठी नावांची पुस्तके करण्यात आली, एक मुंबईस आणि तशीच दुसरी प्रत चितगावच्या युद्धस्मशानात, कारण बंगालच्या खलाशांचे बंदर ते. त्यांत आरमारातले काही शेकडा आणि उरलेले सारे व्यापारी बोटींवरचे, असे मिळून सहा हजारांवर माणसांची नोंद आहे. लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी बोटींवरच्या मृतांचे जे भव्य स्मारक उभे आहे, त्यावर छत्तीस हजारांच्या घरात नावे आहेत. पण हिंदी करारावर भरती झालेला खलाशी, त्याच बोटीवर, त्याच रात्री, त्याच पाण्यात मेला असला, तरी त्याचे नाव थेम्सकाठी नव्हे, मुंबईस. मेल्यावरही करारपत्र सुटले नाही.

तरीही मला येथे एक कबुली द्यावी लागते. युद्धातल्या मृतांची स्मारके सांभाळणारी ब्रिटिश साम्राज्याची जी संस्था १९१७ साली सनदेने स्थापन झाली, तिचे ब्रीद सर्व मृतांना समान मान हे होते. पण बसऱ्याच्या स्मारकावर, जेथे मेसोपोटेमियाच्या मोहिमेत पडलेल्या हजारो हिंदी शिपायांचे स्मरण आहे, तेथे शिलांवर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि साध्या शिपायांची पलटणवार केवळ संख्या लिहिली. कूतच्या वेढ्यात सापडलेल्या मराठा पलटणींतही आपल्या कोकणची माणसे होती. याच संस्थेने २०२१ साली स्वतःच्या दप्तराची झडती घेऊन, आशिया-आफ्रिकेतले निदान एक लाख सोळा हजार मृत नावानिशी स्मरले गेलेच नाहीत, कदाचित ही संख्या साडेतीन लाखांपर्यंत जाईल, असा अहवाल प्रसिद्ध केला आणि क्षमा मागितली. त्या मानाने मसजिद बंदरच्या खलाशाला निदान नाव तरी मिळाले. पलटणीच्या शिपायाला आकडा आणि बोटीच्या हमालाला नाव, हा उलटा न्याय कोणत्या कारकुनाच्या हातून घडला असेल कोण जाणे!

दगडावरचा आणि पुस्तकातला हा मान सरकारचा. त्याच्या किती तरी आधी घराने आपला मान दिलेला असे, आणि तो देताना घरापुढे जो पेच पडे त्याची कल्पना आज बसल्या जागी येणे कठीण आहे. बोट बुडाली हे कळे; माणूस बुडाला हे कळत नसे. तो दुसऱ्या बोटीने उचलला असेल, शत्रूच्या कैदेत असेल. आणि ही आशा वेडी नव्हती, कारण जर्मनीत ब्रेमेनजवळच्या व्यापारी खलाशांच्या बंदिछावणीत हिंदी खलाशांचा स्वतंत्र तळ खरोखरच होता आणि तेथून माणसे परतही आली. मग कुंकू पुसावे की ठेवावे? कायद्याचा हिशेब सात वर्षांचा: इतकी वर्षे ज्याची खबर त्याच्या आप्तांना लागली नाही तो मेला असे धरावे. शास्त्राचा हिशेब त्याहून सबुरीचा, बारा वर्षांचा. त्यानंतर पळसाच्या ३६० पानांची पुरुषाकृती मांडून तिला अग्नी द्यायचा, याला पालाशविधी म्हणतात. ज्या देहाला पाण्याने नेले त्याची प्रतिमा जंगलातल्या पानांची करून अग्नीला द्यावी, या कल्पनेत जो करुण विवेक आहे तो मला अनेक संगमरवरी स्तंभांत आढळला नाही.

खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात वेगळी वाट होती. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आणि शाफई मताप्रमाणे देह समोर नसतानाही जनाज्याची नमाज पढता येते, जी मुभा हनफी पंथात नाही. इमामांच्या या जुन्या मतभेदाचा उपयोग पुढे पाणतीराने मेलेल्यांच्या घरांना होईल, हे त्या विद्वानांच्या स्वप्नातही आले नसेल. कुडांतले गोवेकर नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेला, सर्व मृतांच्या दिवशी, आपल्या बोटवाल्यांसाठी मिसा सांगत.

आणि आपल्या पंचांगात तर या माणसांचा दिवस आधीच छापलेला आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने मेलेल्यांच्या श्राद्धाची तिथी. शस्त्र, अग्नी, विष, जल अशा अपमृत्यूने गेलेले सारे त्या दिवशी जेवावयास येतात. पाणतीराने बोट फुटून, पेटत्या तेलातून पोहत बुडालेल्या माणसाचा मृत्यू शस्त्राचा, अग्नीचा की जलाचा, हा प्रश्न भिक्षुकाला सोडवावाच लागत नाही. तिन्ही वाटा एकाच पानावर येऊन मिळतात. जगातली राष्ट्रे आपापल्या युद्धमृतांसाठी नोव्हेंबरची अकरावी तारीख पाळू लागली त्याच्या कित्येक शतके आधीपासून ही तिथी घराघरांत पाळली जात होती; फरक इतकाच, की तिच्यात बिगूल नाही आणि कोणत्या युद्धात कोण कोणाच्या बाजूने मेला याची चौकशीही नाही. कावळा पिंडाला शिवला म्हणजे झाले.

खलाशी आणि नौसैनिक यांच्यातली ही दरी स्वातंत्र्यानंतरही पुरती बुजली नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले, आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला, ज्यांना वाचता आले असते, ते आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला देऊन नौकेबरोबर गेले. दीवच्या टेकडीवर समुद्राकडे तोंड करून खुकरीची प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवली आहे. तेथे जाणारा माणूस नकळत आवाज खाली आणतो. हे असेच असावयास हवे. पण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, जेथून शतकभर माणसे बोटींना लागली, तेथे व्यापारी बोटींवर युद्धात मेलेल्यांसाठी अशी एखादी काचेची पेटी कोणी ठेवली तर ती वावगी दिसणार नाही. पेटी तरी कशाला, मला वाटते एक यादी पुरे.

यादीचे काम मात्र मुंबईत बसून होणार नाही, आणि याचे कारण अगदी क्षुल्लक आहे. त्या नोंदी इंग्रजीत आहेत. कित्येकींत बापाचे नाव आणि गाव दिलेले आहे, पण ते गाव शिपिंग ऑफिसातल्या कारकुनाने कानाला जसे लागले तसे लिहिलेले. इंग्रजी लिपीत हेदवीचा ‘द’ कोणी ‘ड’ वाचील. नरवणचा ‘ण’ आणि ‘न’ एकच होतात. तवसाळ आणि वेळणेश्वर यांच्यातला ‘ळ’ तर त्या लिपीत मुळी नाहीच, त्याचा कधी ‘ल’ होतो, कधी ‘र’. माणसांच्या नावांचे हाल याहून वाईट. संशोधक अशा ओळीपुढे थबकतो आणि ‘स्थान अनिश्चित’ असा शेरा मारून पुढे जातो. तीच ओळ गुहागर तालुक्यातल्या एखाद्या पडवीत, जुने गाव जाणणाऱ्या चार म्हाताऱ्यांपुढे मोठ्याने वाचली पाहिजे. एकदा चुकीची, दुसऱ्यांदा जरा निराळी वाचली, की त्यांतला कोणी तरी सुपारी कातरणे थांबवील आणि म्हणेल, अहो, हे तर खालच्या वाडीतले. यांची पेटी अजून माळ्यावर आहे.